टपाला भोक पाडणारा माणूस

घरात नवी गाडी आली की माणसं तिच्यावर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ फोडतात. आमच्या मामाजींनी तिच्या टपाला भोक पाडलं. तेही लपूनछपून नाही. भर दुपारी, अंगणात, शेजारच्या सुताराची ड्रिल मशीन आणून. बॉनेटवरचं कुंकू अजून ओलं होतं. आमचे हे पेढे आणायला मंगरुळपीरला गेले होते. परत येऊन बघतात तर वडील स्टुलावर उभे राहून गाडीच्या टपावर वाकलेले आणि खाली सीटवर लोखंडाचा भुगा पडलेला. ह्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. तो पुडा पुढे मुंग्यांनी खाल्ला, घरातल्या कोणी त्याला हात लावला नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे वऱ्हाडात सासऱ्याला मामाजीच म्हणतात. आसेगावात त्यांना सगळे तारमास्तर म्हणायचे, कारण त्यांची सगळी नोकरी वाशीमच्या तार ऑफिसात गेली होती. तारखातं बंद व्हायच्या आधीच ते निवृत्त झाले, पण बोटातली तारयंत्राची कट्ट-कडकट्ट काही निवृत्त झाली नाही. जेवताना ताटाच्या कडेवर वाजायची, भजनात मांडीवर वाजायची. त्याच नादातून त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता. सरकारची परीक्षा द्यायची, पास झालं की आपलं असं एक कॉलसाइन, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं रेडिओवरचं नाव, मिळतं, आणि मग स्वतःच्या सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलायचं. फोन नाही, नेट नाही, एक पेटी, एक बॅटरी आणि एक उंच अँटेना. गाडीच्या टपाला भोक पाडलं ते या अँटेनासाठी.

तसं पाहिलं तर भोकाची गरज नव्हती. लोहचुंबकाचा पाया मिळतो. तो टपावर नुसता ठेवला की चिकटून बसतो. हे मलाही नंतर कळलं. पण मामाजींचं म्हणणं ठरलेलं होतं. "चुंबकाचा पाया भाड्याचा, भोकाचा पाया मालकीचा," ते म्हणायचे. मला वाटायचं, हे तांत्रिक काहीतरी असेल. जमीन, पत्रा, लहरी, असलं काही. मी मान डोलवायची.

त्या दिवशी अंगणात पाहुणे होते, माझ्या धनजच्या माहेरची माणसं गाडी बघायला आली होती. त्यांच्यासमोर हे वडिलांवर कडाडले. आयुष्यात पहिल्यांदा शोरूममधून गाडी काढली होती, सोयाबीनच्या दोन हंगामांची वाट पाहून. तुमच्यापायी या घरात काही नवं राहू शकत नाही, आईची शिलाई मशीन खोलली, टीव्ही खोलला, आता गाडी, असं पुष्कळ काही बोलले. मामाजी ऐकत राहिले. शेवटी शांतपणे म्हणाले, "बोलून झालं असन तं बटन सोड." रेडिओवाल्या माणसाचं ते अगदी साधं बोलणं होतं, पण ह्यांना ते काडी टाकल्यासारखं लागलं. त्या दिवसापासून बापलेकात अबोला सुरू झाला.

आमच्याकडचा अबोला म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एकाच घरात राहायचं, एकाच पंगतीला बसायचं, एकाच भांड्यातलं वरण वाढून घ्यायचं, आणि तरी बोलायचं नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी दोघांचे कान उपटले असते. पण त्या आधीच गेल्या होत्या, म्हणून निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. हे समोर बसलेल्या बापाला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायचे, "त्याईले सांग, टपातून पाणी गळून राह्यलं." मामाजी तितक्याच मोठ्यानं मला म्हणायचे, "त्याले सांग, भोकातलं वायसर बदलतो." मी मध्ये भाकरी थापत बसलेली. तोंडातल्या तोंडात दोघांनाही शिव्या घालायची.

आणि मी निरोप तसेच्या तसे कधी पोचवले नाहीत. कशाला पोचवू? हे म्हणाले, गाडी संध्याकाळी लागते, की मी मामाजींना सांगायची, गाडी लागते म्हणत होते, पण तुमचं झाल्यावर, घाई नाही. मामाजी म्हणाले, त्याले म्हणा टायरात हवा कमी हाय, की मी ह्यांना सांगायची, तुमची काळजी करत होते, म्हणे हायवेवर जपून जा. चहात जसा एक चमचा साखर जास्त घालावी, तसं. दोघांनाही ते कळत होतं. आमचे हे तर तोंडावर म्हणायचे की तुझं निम्मं काढून टाकलं की खरा निरोप उरतो. मी म्हणायची, काढा मग, तुम्हाला कोणी अडवलंय. मला त्या साखरेचा पश्चात्ताप तेव्हा नव्हता आणि आजही नाही. पण तिची किंमत पुढे मोजावी लागली, ते सांगतेच.

गाडीच कशाला पाहिजे होती, असं कोणी विचारेल. घरात सेट होता की! अंगणातल्या कडुलिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत मामाजींची तार ताणलेली होती; मी नवी नवरी असताना तिच्यावर धुणं वाळत घातलं होतं आणि त्यांनी मला काही न बोलता एकेक कपडा काढून घडी करून दिला होता. पण दिवस बदलले. घराघरात नवे दिवे आले, चार्जर आले, विहिरींवर मोटारी वाढल्या. या सगळ्यांची खरखर त्यांच्या सेटमध्ये यायची. सकाळी हेडफोन कानाला लावून बसायचे आणि चेहरा उतरायचा. कानाला कमी ऐकू यायला लागलेल्या माणसाचा होतो तसा. म्हणायचे, गावात आता आवाज फार झाला, माणसाचं बोलणं खाली दबून गेलं. म्हणून त्यांना सेट घेऊन गावाबाहेर जायचं होतं. आमच्या शेताच्या वर एक बरड आहे, खडकाळ, कुसळांशिवाय काही उगवत नाही. तिथे विजेची एकही तार नाही. त्यांच्या हिशेबात ती आमच्या मालकीची सगळ्यात मोलाची जमीन होती.

आणि गंमत बघा. अबोला होता, तरी रोज सकाळी गाडीची किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असायची. हे ती रात्री तिथे ठेवत. मामाजी सकाळी घेत. घ्या असं कोणी म्हणालं नाही, घेऊ का असं कोणी विचारलं नाही. गाडीत पेट्रोल कधी कमी नसायचं. मी एकदा ह्यांना म्हटलं की हा एवढा निरोप तुम्ही माझ्याशिवाय कसा काय देता? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोळी करपवली.

गाडीतली मांडणी मामाजींनी देवघर मांडावं तशी मांडली होती. सिगारेट पेटवायच्या भोकातून वीज घेणाऱ्यांना ते माणसांत धरत नसत. त्यांनी थेट बॅटरीपासून दोन जाड वायरी आत आणल्या होत्या, एक लाल, एक काळी, आणि दोन्हींना बॅटरीजवळच फ्यूज. बॉनेट आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याची चपटी पट्टी लावली होती, कारण इंजिनाची शिट्टी सेटमध्ये शिरत होती. सेट डॅशबोर्डखाली, माइक गिअरच्या बाजूला आकड्याला. बरडावर पोचलं की इंजिन बंद, खिडकी थोडी खाली, अँटेनाची लांब काठी टपावरच्या भोकात पिळून बसवायची, छोट्या मीटरचा काटा खाली आहे ना बघायचं, मग सेट सुरू. काटा वर असेल तर आपलीच शक्ती अँटेनातून परत फिरून सेट जाळते, असं त्यांनी मला शिकवलं.

त्यांचे दोन आवाज होते. घरात अस्सल वऱ्हाडी: "अवो सुनबाई, चहा टाकता का जरासाक?" पण माइक हातात आला की वेगळाच माणूस. "सर्व स्थानकांना तारमास्तरांचा नमस्कार. वाशीम जिल्ह्यातून, गाडीतून बोलतो आहे. हवामान स्वच्छ, तुरीला फुलं लागली आहेत." रोज सकाळी रेडिओवरच्या एका ठरलेल्या ठिकाणी राज्यभरातले हौशी लोक जमायचे, त्याला ते नेट म्हणायचे. कोकणातले एक निवृत्त गृहस्थ हजेरी घ्यायचे, त्यांना सगळे नियंत्रक म्हणत. कोणी नगरचं, कोणी सोलापूरचं, एक बाई नागपूरच्या. मामाजी त्यातल्या बहुतेकांना कधीच भेटले नव्हते, पण कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाच्या नातवाला दात आले, सगळं त्यांना ठाऊक असायचं.

मला त्यांनीच या नादाला लावलं. सुरुवातीला मी बरडावर सरपण आणायच्या निमित्तानं जायची, मग निमित्त सुटलं. ते म्हणायचे, या कामात एकच गोष्ट शिकायची असते. "दाबलं की बोलनं, सोडलं की आयकनं. दोन्ही संगं होत नाई." माइकचं बटन दाबून धरलं की सेट फक्त बोलतो, त्याला समोरचं काही ऐकू येत नाही. म्हणून बोलून झालं की बटन सोडायचं आणि थांबायचं. मी म्हटलं, मामाजी, हे घरी दोघांना शिकवा. ते हसले, पण हसू पूर्ण झालं नाही. पुढे त्यांनी मला पुस्तकं आणून दिली, परीक्षेला स्वतः सोबत आले, आणि मला परवाना मिळाला त्या दिवशी सगळ्या आळीत साखर वाटली. त्यांचा एक नियम मात्र कडक होता: परवाना नसलेल्यानं बटन दाबायचं नाही, घरचा असो की दारचा.

पोहरादेवीच्या जत्रेला ते दरवर्षी गाडी घेऊन जायचे. गर्दी इतकी की मोबाइल नुसते खिशात मिरवायचे, लागत एकही नव्हता. मामाजी गाडी एका कडेला लावायचे, त्यांचे कारंजाचे एक मित्र दुसऱ्या टोकाला हातातला छोटा सेट घेऊन उभे राहायचे, आणि हरवलेली माणसं एकमेकांकडे पोचवायचे. एका वर्षी कोणी भाविकानं आमची अँटेना म्हणजे देवाची काठी समजून तिला पांढरा झेंडा बांधला. मग बघता बघता रांग लागली, दोघीतिघींनी हळदकुंकू वाहिलं, एकीनं ओटी आणली. मीटरचा काटा वर चढला. मामाजींना झेंडा सोडवता येईना, कारण लोकांच्या भावनेचा प्रश्न. मी म्हटलं, सांगा ना त्यांना. ते म्हणाले, राहू दे, एक दिवस कमी लांब बोलू. घरी आल्यावर त्यांनी झेंडा घडी करून देव्हाऱ्यात ठेवला आणि अँटेनावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं.

आता ती सकाळ. थंडीचे दिवस होते, हरभरा घाट्यावर आला होता. आम्ही दोघं बरडावर गाडीत बसलो होतो. नेट संपत आलं होतं. मामाजींनी आपली हजेरी दिली, निरोप घेतला आणि माइक आकड्याला अडकवायच्या ऐवजी हात गार पडले म्हणून दोन सीटच्या मध्ये ठेवला. मी थर्मासमधून चहा ओतला आणि थर्मास तिथेच खोचला. माझी शाल डॅशबोर्डवरून खाली लोंबत होती, तिच्याआड सेटचा लाल दिवा झाकला गेला. त्या लाल दिव्याचा अर्थ असा की तुम्ही बोलताय आणि जग ऐकतंय. थर्मासखाली माइकचं बटन दाबलं गेलं होतं. हौशी रेडिओवाल्यांच्या हातून होणारी ही सगळ्यात लाजिरवाणी चूक. मामाजी दुसऱ्यांच्या अशा चुकीवर तासभर बोलायचे.

सेट गप्प झाला, म्हणजे नेट संपलं, असं आम्हाला वाटलं. मी चहाचा घोट घेत सहज विचारलं, मामाजी, ते भोक खरंच लागत होतं का हो? एवढा तमाशा झाला त्याच्यापायी.

"तुले खरं सांगतो सुनबाई. चुंबकानं भागलं असतं," ते म्हणाले. "तुही सासू गेली अन् मले वाटे, आता आपन या घरात पावने. पोरगं कर्तबगार, घर त्यानं बांधलं, गाडी त्यानं आनली. म्हटलं, त्याच्या गाडीत आपली एक जागा असू दे, कोनाले उचलून फेकता न येनारी. म्हनून पाडलं भोक."

मी कप डॅशबोर्डवर ठेवला.

"गाडी आनली त्या दिवशी दिन्यानं पहिले मले बसोलं होतं," ते म्हणाले. "तुह्या आधी. अन् म्या त्याची पार हौस मातीत घातली. माफी मागाची हाय त्याले. पन इतके दिवस झाले, आता बटन पहिले कोन दाबावं, तेच समजत नाई."

दिन्या म्हणजे आमचे हे, दिनकर. बापाच्या तोंडून ते नाव मी अबोल्यानंतर प्रथमच ऐकत होते.

मग मी डोळे पुसायला म्हणून शाल ओढली आणि लाल दिवा दिसला. थर्मास उचलला, बटन सुटलं, आणि सेटमधून एकदम शांतता बाहेर आली. खरखर नाही, गोंधळ नाही; आपण बोलत असताना दारात कोणी येऊन उभं असल्यासारखी. मग नियंत्रकांचा आवाज आला, अगदी हळू. तारमास्तर, आपला माइक दाबलेला राहिला होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं, क्षमा असावी, ऐकलेलं इथेच राहील. तो त्यांचा दंडक आहे: जे आपल्यासाठी नव्हतं ते ऐकू आलं तरी बाहेर सांगायचं नाही. मामाजींचा चेहरा लाल झाला. त्यांना मन उघडं पडल्याची लाज कमी आणि सगळ्यांची जागा अडवून बसल्याची लाज जास्त वाटत होती, असं त्या वेळी मला वाटलं. त्यांनी माइक घेतला, सर्व स्थानकांची माफी मागितली आणि सेट बंद केला.

एवढ्या वेळ सेट बोलत राहिल्यानं बॅटरी बसली होती. आधीच म्हातारी बॅटरी ती. गाडी सुरू होईना. मी ह्यांना फोन केला. हे ट्रॅक्टर घेऊन आले, काही न विचारता दोर बांधला, मामाजी गाडीच्या स्टिअरिंगवर बसले, आणि मुलानं बापाला बरडावरून घरापर्यंत ओढत आणलं. मी ट्रॅक्टरवर ह्यांच्या बाजूला बसले होते. सारखी मागे वळून बघत होते. दोर एकदाही सैल पडला नाही आणि एकदाही हिसका बसला नाही, इतकं दोघंही जपून चालवत होते. मी मनात म्हटलं, बाप्पा, एवढं जमतं तर दोन शब्द काहून जमत नाहीत या माणसांना!

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. त्यांनी मान खाली घालून ऐकलं, बूट काढले, पाय धुतले आणि म्हणाले, "हे तुह्या मनचं हाय." मी शपथ घेतली. देवाची घेतली, पोटच्या पोरीची घेतली. ते म्हणाले, तू आजवर कधी नुसता निरोप आणलास? इतकी वर्षं साखर घालून दिली, आता एकदा कोरा चहा दिला तर त्यांना तोही गोडच लागला. मामाजींना सांगावं तर ते म्हणाले असते, तू काहून सांगितलं. मी त्या दिवशी दोघांवर इतकी चिडले की चूल पेटवलीच नाही, सगळ्यांना मुरमुरे दिले.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. एका सकाळी मामाजी बरडावर जायला निघाले, किल्ली खिळ्यावरून काढली आणि दारातच बसले. छातीत कळ. ह्यांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं, मी डोकं मांडीवर घेतलं, आणि गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. अँटेना तशीच टपावर होती. काढायला वेळ कोणाला होता? महान गावाच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. गाडी उसळली तशी मामाजी डोळे न उघडता म्हणाले, "त्याले सांग, दमानं चालव."

समोरून हे म्हणाले, "त्याईले सांग, बोलू नका म्हना."

मला तिथे दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं. ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, एक हात अंतर आहे तुमच्यात. पण मी काय केलं? सवयीनं दोघांचे निरोप पोचवले. मामाजींना म्हटलं, ते म्हणतात आराम करा. ह्यांना म्हटलं, ते म्हणतात सावकाश, काळजी करू नको. अकोल्याला पोचेपर्यंत पुन्हा कोणी बोललं नाही. दवाखान्यातून मामाजी परत आले नाहीत. बापलेकाचं शेवटचं बोलणं ते एवढंच, आणि तेही माझ्यामार्फत.

ह्यांनी सगळं रीतीनं केलं. रडले नाहीत. तेराव्याला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, आता त्या टपाचं भोक बुजवून घे, डेंटिंगवाला ओळखीचा आहे. हे उठून बाहेर गेले. पाहुणे पांगल्यावर मी बघितलं तर गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "त्याईच्या मनात माह्याबद्दल काय होतं, कोनाले मालूम. राग घेऊनच गेले असतीन." माझा शब्द त्या बाबतीत खोट्या नाण्यासारखा झाला होता, तो पुन्हा कुठे वाजवू?

मामाजी गेल्याचं नेटवर कळवायचं राहिलं होतं. त्या लोकांमध्ये रीत आहे. माणूस गेला की त्याच्याच सेटवरून, त्याच्याच ठिकाणाहून कळवायचं. मी ते पुढे ढकलत होते, कारण एकटीनं बरडावर जायची हिंमत होत नव्हती. एका सकाळी ह्यांनीच किल्ली खिळ्यावरून काढली आणि म्हणाले, चाल. बरडावर पोचल्यावर त्यांनी स्वतः अँटेनाची काठी भोकात बसवली. नीट पिळून, वायसर जागेवर आहे ना ते बघून. मला कळेना, हे कुठे बघून शिकले.

मी सेट लावला. काटा खाली होता. नियंत्रक हजेरी घेत होते. त्यांनी रोजच्यासारखं मामाजींचं कॉलसाइन पुकारलं आणि थांबले. आम्ही कळवेपर्यंत ते रोज असंच पुकारत होते, असं नंतर कळलं. मी बटन दाबलं, माझं कॉलसाइन सांगितलं आणि म्हटलं, तारमास्तर गेले. बटन सोडलं. मग कोणीतरी त्यांचं कॉलसाइन बोटानं वाजवलं, जुन्या तारेच्या भाषेत, एकदाच. हे सीटवर ताठ बसून समोर बघत होते.

नियंत्रकांनी विचारलं, आपल्यासोबत घरचं कोणी आहे का? मी म्हटलं, त्यांचा मुलगा शेजारी बसला आहे, ऐकतो आहे, परवाना नाही म्हणून बोलणार नाही. नियंत्रक म्हणाले, "मग आज मी आमचा नियम मोडतो. तारमास्तर एकदा चुकून आमच्यासमोर बोलले होते. म्हणाले होते, मुलाच्या गाडीत आपली एक जागा असावी, कोणाला उचलून फेकता न येणारी, म्हणून टपाला भोक पाडलं. आणि म्हणाले होते, मुलाची माफी मागायची आहे. मी स्वतः ऐकलं आहे."

नागपूरच्या बाई आल्या. मीही ऐकलं. सोलापूरचे आले. मीही. नगरचे, मग आणखी कोणी अनोळखी, आवाज खरखरीत बुडालेला. मीही ऐकलं होतं.

ह्यांनी हात वर केला आणि टपाला आतून जिथे वायर भोकातून उतरते, तिथे तळवा टेकवून ठेवला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस रडताना मी पाहिला नव्हता आणि तेव्हाही पाहायचा नव्हता. मग ते बोलले, नेहमीच्याच पद्धतीनं, मान वळवून माझ्याकडे बघत.

"बाबाले सांग, आयकलं म्हना."

आणखी काही सांगू का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. माझ्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. तो रागावला नाही, तो रोज किल्ली ठेवत होता, त्यानं तुमचं भोक बुजवू दिलं नाही, असं सगळं. सवयच ती. पण मी बटन दाबलं, मामाजींचं कॉलसाइन पुकारलं, आणि एवढंच म्हटलं, "तुमचा दिन्या म्हणतो, ऐकलं."

मग बटन सोडलं आणि आम्ही दोघं थांबून राहिलो.